सोसायटीच्या ग्रुपवरची भांडणं आवरताना: नव्या ॲडमिनसाठी

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपण बहुतेकांकडे न मागता येतं. जुने सेक्रेटरी फ्लॅट विकून जातात, जाताना दोघातिघांना ॲडमिन करतात, आणि पुढच्याच रविवारी पार्किंगवरून जुंपते. दीडदोनशे माणसं बघत असतात आणि डिलीटचं बटण तुमच्या हातात असतं. ते कधी दाबायचं, त्याआधी काय करायचं आणि कुठे हात लावायचा नाही, हे इथे क्रमाने दिलं आहे.

एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. ग्रुपवर कोणताही वाद निकाली निघत नाही, कारण ग्रुपला कसलाच अधिकार नसतो. टँकर मागवणं, पार्किंगची जागा देणं, दंड लावणं हे कमिटी ठरवते किंवा सर्वसाधारण सभा. तक्रार करून काही होत नाही असं वाटायला लागलं की माणूस ग्रुपवर आवाज चढवतो. त्यामुळे ॲडमिनचं मुख्य काम म्हणजे विषय जिथे सुटू शकतो तिथे पोचवायचा आणि तो पोचल्याचं सगळ्यांना दिसेल असं करायचं. ताकीद, डिलीट, ग्रुपमधून काढणं ही नंतरची हत्यारं.

भांडण होण्याआधीची बांधणी

एकाच ग्रुपवर पाणीकपातीची सूचना, सोफा विकायची जाहिरात, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि राजकारण असं सगळं चालत असेल, तर तो ग्रुप कुणालाच सांभाळता येणार नाही. व्हॉट्सॲपच्या 'कम्युनिटी' सोयीने (एकाच छत्राखाली अनेक ग्रुप ठेवता येतात ती) तो मोडून तीन भाग करा:

१. सूचना. इथे फक्त ॲडमिन लिहितात. पाणी, लिफ्ट, वीज, सभेची नोटीस. कम्युनिटी केली की हा ग्रुप आपोआप तयार होतो.
२. चर्चा. सध्याचा ग्रुपच कम्युनिटीत जोडून घ्या, नवा काढू नका. जुने मेसेज हाताशी राहतात.
३. देणं-घेणं. खरेदी-विक्री, डबेवाल्या मावशींचे नंबर, घरगुती फराळाच्या ऑर्डरी.

या विभागणीचा खरा फायदा पुढे कळतो. कुणाला चर्चेच्या ग्रुपमधून आठवडाभर बाहेर ठेवावं लागलं तरी तो सूचनांच्या ग्रुपमध्ये राहतो. एकच ग्रुप असला तर माणसाला काढलं की त्याचं पाण्याचं वेळापत्रकही जातं. मग तो थेट उपनिबंधकांकडे (सहकारी संस्थांवर देखरेख करणारे सरकारी अधिकारी) अर्ज करतो, आणि त्या अर्जात त्याचं चुकतं असंही म्हणता येत नाही.

त्यानंतर ग्रुपच्या सेटिंगमध्ये चार गोष्टी तपासा. ग्रुपची माहिती बदलण्याचा अधिकार फक्त ॲडमिनकडे ठेवा, नाहीतर कुणीतरी रात्री ग्रुपचं नाव बदलून 'झोपलेली कमिटी' करतं. नवे सभासद जोडण्याचा अधिकारही ॲडमिनकडेच असू द्या. लिंकवरून येणाऱ्यांसाठी ॲडमिनची मंजुरी चालू करा. आपोआप नाहीसे होणारे मेसेज बंद ठेवा, कारण उद्या कुणी 'मी असं लिहिलंच नव्हतं' म्हणालं तर दाखवायला मेसेज हवा.

ॲडमिन तीन असावेत आणि त्यातला निदान एक कमिटीच्या बाहेरचा. चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार हेच तिघं ॲडमिन असले की कमिटीवरच्या टीकेचा डिलीट केलेला प्रत्येक मेसेज दडपशाही ठरतो, मग तो कितीही शिवराळ असो. ज्या वादात आपण स्वतः आहोत त्यात ॲडमिन म्हणून हात घालायचा नाही, ते काम दुसऱ्या ॲडमिनवर सोडायचं. हे तिघांत आधीच ठरलेलं हवं.

सभासदांची यादी वर्षातून दोनदा फ्लॅटप्रमाणे पडताळा. घर सोडून गेलेले भाडेकरू वर्षानुवर्षं ग्रुपवर राहतात, आणि कोण गावी गेलंय, वॉचमन कधी सुट्टीवर आहे हे त्यांना कळत राहतं. एका फ्लॅटचे दोन नंबर पुरे. भाडेकरूंना चर्चेत जरूर घ्या, पाण्याचा त्रास त्यांनाही असतो. मालकांचे हिशेबाचे विषय सभेत निघतात, त्यासाठी वेगळा ग्रुप हवाच असं नाही.

नियम: सहा ओळी, त्याहून जास्त नकोत

वीस कलमी नियमावली कुणी वाचत नाही, आणि वाचतो तो फक्त पळवाट शोधायला. सहा ओळी लिहा, ग्रुपच्या वर्णनात टाका आणि पिनही करा. पिनची मुदत २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस मिळते. ३० दिवस निवडा आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला पुन्हा लावा. थोडेफार बदल करून पुढचा मसुदा बहुतेक सोसायट्यांत चालेल:

१. विषयावर बोला, माणसावर नको. घर, जात, धर्म, नोकरी, भाडेकरू असणं यांवर शेरा नको.
२. कुणाची थकबाकी, फोन नंबर, घरातली बाब, फोटो त्यांच्या परवानगीशिवाय टाकू नये.
३. राजकीय पोस्ट आणि खातरजमा न केलेले फॉरवर्ड नकोत.
४. जाहिरात देणं-घेणं ग्रुपवरच.
५. रात्री १०:३० ते सकाळी ७ फक्त तातडीचं: आग, पाणी, लिफ्ट, आजारपण, चोरी.
६. नियम मोडणारा मेसेज काढला जाईल. दोन सूचनांनंतर सात दिवस चर्चेच्या ग्रुपबाहेर.

नियम लागू करण्याची वेळ महत्त्वाची. भांडण झाल्यावर दुसऱ्या दिवशी नियम टाकले की ते ज्याच्याशी भांडण झालं त्याच्यासाठीच केलेत असं सगळ्यांना वाटतं, आणि बहुधा ते खरंही असतं. शांत आठवड्यात मसुदा टाका, हरकतींसाठी चार दिवस द्या, आलेली एखादी सूचना मान्य करा आणि मग लागू करा. जमल्यास वार्षिक सभेत वाचून दाखवा. ती ३० सप्टेंबरपर्यंत होतेच.

पहिला अर्धा तास

रविवार, रात्रीचे ९:४० झालेत असं समजा. बी विंगमधून मेसेज येतो: 'परत पाणी नाही. मेंटेनन्स मात्र वेळेवर हवा.' ९:४२ ला ए विंगमधून: 'आमच्याकडे आहे.' ९:४३: 'असणारच. चेअरमन तिकडेच राहतात ना.' ९:४५ ला चेअरमन स्वतः: 'आधी स्वतःची थकबाकी भरा, मग बोला.' पाठोपाठ हसणाऱ्या तोंडांची रांग.

नवा ॲडमिन इथे ९:४३ चा मेसेज उडवतो आणि ९:४५ चा ठेवतो, कारण तो चेअरमनचा आहे. ग्रुपचा विश्वास जातो तो नेमका इथे. ९:४० ची तक्रार खरी आहे, तिला शेपटासारखा एक टोमणा लागलाय इतकंच. ९:४३ खोचक आहे, पण सोडून देण्यासारखं. नियम मोडलाय तो ९:४५ ला: थकबाकी चव्हाट्यावर आली, आणि तीही अधिकारावर बसलेल्या माणसाकडून.

काय करायचं:

१. दहा मिनिटांच्या आत पाण्याबद्दल लिहा, भांडणाबद्दल नको. 'बी विंगला पाणी नसल्याची नोंद घेतली. वॉचमनला टाकी बघायला पाठवलंय, १०:१५ ला इथेच कळवतो. तोवर या विषयावर फक्त फ्लॅट नंबर आणि पाणी आहे की नाही एवढंच लिहा.'

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. लोकांना लिहायची ऊर्मी असतेच, तिला उपयोगी वाट मिळते. उत्तरांतून कारणही सापडतं. फक्त १०२, २०२, ३०२ अशी एकाच रांगेतली घरं आली तर त्या लाईनच्या व्हॉल्व्हची भानगड आहे. सगळी विंग कोरडी असेल तर टाकी किंवा पंप बघा.

२. ९:४५ चा मेसेज काढा. मेसेजवर बोट दाबून धरा, कचरापेटीचं चिन्ह, मग 'सगळ्यांसाठी डिलीट'. ॲडमिनने मेसेज काढल्याची ओळ तिथे राहते आणि त्यात ॲडमिनचं नाव दिसतं. त्यामुळे लपूनछपून काही होत नाही, आणि ते बरंच आहे. ग्रुपवर एकच ओळ: 'एक मेसेज नियम २ प्रमाणे काढला आहे.' कुणाचा ते लिहू नका.

३. चेअरमनना फोन करा. मेसेज नको. वयाने, मानाने मोठ्या माणसाला लेखी ताकीद मिळाली की ती तो दहा जणांना दाखवतो. फोनवर मात्र 'साहेब, त्यांचं चुकलं असेल, पण थकबाकीचं ग्रुपवर आलं तर उद्या तेच घेऊन उपनिबंधकांकडे जातील' एवढं पुरतं.

४. १०:१५ ला लिहा. टाकी भरलेली दिसली तरी लिहा, प्लंबर उद्या आठला येणार असेल तेही लिहा, काहीच कळलं नसेल तर 'अजून कळलं नाही, ११ ला पुन्हा सांगतो' असं लिहा. दिलेली वेळ चुकली की तुमच्या पुढच्या कोणत्याही शब्दाला किंमत राहत नाही.

५. तरीही हमरीतुमरी चालू राहिली तर ग्रुप सकाळी ७ पर्यंत फक्त ॲडमिनसाठी करा. एकट्या माणसाला गप्प करायची सोय व्हॉट्सॲपमध्ये नाही, एक तर सगळा ग्रुप बंद होतो किंवा तो माणूस बाहेर जातो. (टेलिग्रामवर एकेका सदस्याचं लिहिणं काही काळ थांबवता येतं आणि दोन मेसेजमधलं अंतरही बांधून देता येतं. मोठ्या टाउनशिपनी त्याचा विचार करायला हरकत नाही.) बंद करताना कारण, उघडण्याची वेळ आणि तातडीसाठी वॉचमनच्या केबिनचा नंबर द्या. एका रात्रीपेक्षा जास्त बंद ठेवू नका. तीन दिवस बंद राहिलेल्या ग्रुपशेजारी लोक दुसरा ग्रुप काढतात, आणि तिथे तुम्ही नसता.

सकाळी उघडताना आदल्या रात्रीचा हिशेब काढू नका. पाण्याचं काय झालं ते सांगा आणि थांबा.

खासगीत लिहायचा मेसेज

चारचौघांत टोकलं की माणूस माघार घेत नाही, बघणारे असतात म्हणून. खासगीत तोच माणूस निम्म्या वेळा स्वतःहून मेसेज काढतो. मेसेज मात्र नीट बांधलेला हवा. हा नमुना बघा:

'काका, नमस्कार. आज ८:५२ ला तुम्ही चौथ्या मजल्यावरच्या ताईंबद्दल "यांना घरी काही काम नाही" असं लिहिलंत. तो मेसेज नियम १ प्रमाणे काढला आहे. जिन्यात कुत्र्यांना खायला घालण्याबद्दलची तुमची तक्रार मात्र विचारात घ्यायलाच हवी. ती सोसायटीच्या मेलवर दोन ओळींत टाका, पुढच्या बैठकीच्या विषयांत घ्यायला सेक्रेटरींना सांगतो. ही पहिली सूचना समजा.'

वेळ आणि नेमके शब्द आहेत, त्यामुळे 'मी काय बोललो' हा प्रश्न उरत नाही. नियमाचा आकडा आहे, म्हणजे हा तुमचा राग ठरत नाही. तक्रार आणि शेरा वेगळे काढलेत. पुढची वाट दाखवलीय. आणि ही कितवी सूचना ते स्पष्ट आहे. 'तुम्ही नेहमीच असं करता', 'तुमच्यासारख्या सुशिक्षित माणसाने' असली वाक्यं चुकूनही घालू नका, त्यांचाच स्क्रीनशॉट पुढे फिरतो. ॲडमिनने खासगीत लिहिलेलं प्रत्येक वाक्य उद्या ग्रुपवर येणार असं धरूनच लिहावं.

उलट उत्तर आलं तर एकदाच लिहा: 'तुमचं म्हणणं वाचलं. मेसेज काढण्याचा निर्णय कायम आहे. मान्य नसेल तर दुसऱ्या ॲडमिनना विचारू शकता.' त्यानंतर उत्तर देऊ नका.

कुत्र्यांचा विषय निघालाच आहे म्हणून: २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आवारातल्या भटक्या प्राण्यांना खायला घालण्याची जागा आणि वेळ ठरवण्याची जबाबदारी रहिवाशांच्या संस्थेवर टाकलेली आहे. जागा ठरवताना जिने, दारं आणि मुलांच्या खेळण्याची जागा टाळायची असते. हे दोन ओळींत ग्रुपवर टाकलं की 'घालू द्यायचं की नाही' हा न संपणारा वाद 'कुठे आणि कधी' यावर येतो, आणि तो कमिटीला सोडवता येतो.

सगळे त्रासदायक सारखे नसतात

बहुसंख्य माणसं तापलेली असतात. खरी अडचण, तीनदा सांगून झालेलं, आणि मग चढलेला सूर. त्यांना शिस्तीपेक्षा तारीख हवी असते. लिफ्टवाला गुरुवारी येणार म्हणून सांगा, निम्मं काम तिथेच होतं.

कळ लावणारा वेगळा. तो एकच ओळ टाकतो, 'गणपतीच्या वर्गणीचा हिशेब बघायला मिळेल का या जन्मात?', आणि गायब होतो. बाकीचे दोन तास एकमेकांवर तोंडसुख घेतात. त्याच्या मेसेजमध्ये नियम मोडलेला नसतो म्हणून डिलीट करता येत नाही, करूही नये. उपाय दोन. पहिला, प्रश्नाचं कोरडं उत्तर लगेच: 'हिशेब १५ तारखेला नोटीस बोर्डावर लागेल.' दुसरा, त्यालाच काम देणं: 'हिशेब तपासायला दोघे हवेत, तुम्ही याल का?' बहुतेक वेळा पुढचे काही महिने शांततेत जातात. कधीकधी तो खरंच येतो आणि चांगलं काम करतो.

फॉरवर्डवाले काका-मावशी त्रास देत नाहीत, गर्दी करतात. त्यांना ताकीद दिली की अपमान होतो. सुविचार आणि फुलांसाठी हवा तर वेगळा ग्रुप काढून द्या.

नियमांचा कीस पाडणारा एक असतोच. 'नियम १ मध्ये "शेरा" ची व्याख्या काय?' त्याच्याशी ग्रुपवर शब्दांचा खेळ खेळू नका. नियमात बदल सुचवायचा तर लेखी, महिन्याच्या शेवटी सगळ्या सूचना एकत्र बघू, असं सांगा आणि खरोखर बघा.

उरला तो पिच्छा पुरवणारा. एकाच व्यक्तीच्या, बहुधा एखाद्या बाईच्या, प्रत्येक मेसेजवर काहीतरी लिहिणारा. एकेक मेसेज पाहिला तर किरकोळ वाटतो. म्हणून इथे मागचा महिनाभर चाळून एकत्र बघायचं. अशा वेळी 'दोघांनीही जरा सबुरीने घ्या' असं लिहिणं हा अन्याय आहे. सूचना एकालाच द्यायची.

काढायचं कधी, कसं, परत कधी

मेसेज डिलीट करायला एक ॲडमिन पुरे. माणूस काढायला दोघांची संमती हवी. दोन लेखी सूचना झाल्यात, दोन्हींची नोंद आहे आणि तिसरी वेळ आली, तर सात दिवस. पुन्हा झालं तर तीस दिवस. कायमचं कुणालाही काढू नका, तो तिथेच राहणार आहे आणि लिफ्टमध्ये रोज भेटणार आहे.

काढण्याआधी खासगीत कळवा: कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या मेसेजमुळे, सूचनांचा ग्रुप चालू राहील, तक्रारी मेलवर पाठवता येतील. मुदत संपली त्या दिवशी सकाळी त्याने न मागता परत घ्या. विसरलात तर सात दिवसांची शिक्षा तुम्ही गुपचूप वाढवली असाच अर्थ निघतो, म्हणून तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकूनच माणूस काढा. तो परत आल्यावर ग्रुपवर 'पुन्हा स्वागत' वगैरे काहीही नको.

सूचनांशिवाय थेट काढण्याची कारणं चारच ठेवा: मारहाणीची किंवा तशी धमकी, अश्लील मजकूर, जातीवरून वा धर्मावरून शिवी, आणि कुणाचा खासगी फोटो टाकणं.

धमकी, छळ, अश्लील मजकूर: आधी पुरावा, मग डिलीट

इथे घाईने मोठं नुकसान होतं. ॲडमिनने 'सगळ्यांसाठी डिलीट' केलं की तो मेसेज ज्याला त्रास झाला त्याच्या फोनमधूनही जातो. म्हणून क्रम असा:

१. मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव दिसेल असा. मग त्याचं प्रोफाइल उघडून नंबर दिसणारा दुसरा.
२. ज्याच्याबद्दल आहे त्या व्यक्तीला लगेच फोन करा आणि त्यांनाही स्क्रीनशॉट घ्यायला सांगा. लहान मुलांचा अश्लील फोटो असेल तर मात्र त्याची प्रत कुणीही घेऊ नये, कुणाला पाठवू नये. नंबर आणि वेळ लिहून घेऊन थेट पोलिसांना कळवा.
३. मग डिलीट करा आणि पाठवणाऱ्याला काढा. हे सगळं पाच मिनिटांत होतं.
४. तक्रार करायची की नाही ते त्या व्यक्तीने ठरवायचं. 'सोसायटीचं नाव जाईल' म्हणून दबाव आणणं हे ॲडमिनचं काम नव्हे. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. पैशांची फसवणूक असेल तर १९३० वर ताबडतोब फोन करायचा.
५. मूळ मेसेज ज्या फोनवर आला तो फोन फॉरमॅट करू नका, विकू नका. न्यायालयात अशा पुराव्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, नुसती छापील प्रत चालत नाही.

अफवा

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षुकी करत फिरणारे लोक होते. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. आज दोन बाण असलेली 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' ही खूण दिसते ती हीच साखळी ओळखण्यासाठी.

अशा मेसेजला दहा मिनिटंही देऊ नका. दोन बाण, 'आपल्या एरियात', 'पोलिसांनी सांगितलंय', तारीख नाही, ठाण्याचं नाव नाही: काढा. ग्रुपवर लिहा की 'हा मेसेज खातरजमा नसल्याने काढला, पोलीस ठाण्यात विचारून सांगतो', आणि खरंच विचारा. फेरीवाल्याचा, भंगारवाल्याचा, अनोळखी माणसाचा फोटो 'सावध राहा' म्हणून टाकला असेल तर तो चूक निघेपर्यंत थांबायचं नाही. पाठवणाऱ्याला वॉचमनला फोन करायला सांगायचं आणि फोटो काढून टाकायचा. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो हे खरं, तसं त्यांना खासगीत म्हणा.

कायदा ॲडमिनबद्दल काय म्हणतो

'सदस्याने काही टाकलं तर ॲडमिनला अटक' हा मेसेज दर निवडणुकीत फिरतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दिसायला हवा. सदस्य काय लिहिणार यावर ॲडमिनचा आधी ताबा नसतो, हा त्यामागचा विचार. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये अशीच भूमिका घेतली.

पण दुसऱ्याचा मेसेज काढायची सोय ॲडमिनला मिळाली ती २०२२ मध्ये, नागपूरच्या निकालानंतर. त्यामुळे द्वेषाचा मजकूर दोन दिवस समोर ठेवून निकालाकडे बोट दाखवू नका. आणि अशा मेसेजला ॲडमिनने पसंतीचा अंगठा दिला किंवा तो पुढे पाठवला, तर मग तो नुसता ॲडमिन राहत नाही. समाजांत तेढ निर्माण करणारा मजकूर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली येतो, बदनामी ३५६ खाली.

कमिटीवरची टीका

ही काढायची नाही. 'कमिटी निष्क्रिय आहे', 'रंगकामाचं कोटेशन महाग आहे', 'तीन निविदा का मागवल्या नाहीत' हे सगळं राहू द्या. 'अमुक खजिनदाराने पैसे खाल्ले' हा नाव घेऊन केलेला आरोप, पुरावा नसताना, काढा आणि लिहा: 'आरोप असेल तर सेक्रेटरींकडे लेखी द्यावा.' आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची सरकारी नमुना नियमावली) लेखी तक्रार कमिटीच्या पुढच्या बैठकीत घेऊन निर्णय सभासदाला कळवायचा असतो, आणि ग्रुपवरच्या मेसेजला तसं बंधन नाही. लोकांना हे माहीत नसतं, म्हणून सोसायटीचा ईमेल पत्ता नियमांच्या खालीच लिहून ठेवा.

ग्रुपवरच्या पोलने निर्णय घेण्याची खोडही मोडा. पोल फोन नंबर मोजतो. सोसायटीत मत सभासदाला असतं, भाडेकरूला नाही, आणि घरात चार फोन असले म्हणून चार मतं होत नाहीत. सहलीची तारीख, दिवाळी पहाटेची वेळ, यांना पोल उत्तम. लिफ्ट बदलण्यासाठी सभा.

सोसायटीची निवडणूक लागली की नियम कडक करा: प्रत्येक उमेदवाराला एक मेसेज, ठरावीक शब्दांत, ॲडमिनमार्फत, सगळ्यांचे एकाच दिवशी. जो ॲडमिन स्वतः उभा आहे त्याने निकालापर्यंत ॲडमिनपद सोडावं.

नोंदवही आणि सुपूर्दगी

तिघा ॲडमिनचा एक वेगळा ग्रुप ठेवा आणि तिथे प्रत्येक कारवाईची एक ओळ लिहा: तारीख, फ्लॅट, नियम, काय केलं, कुणी केलं, सोबत स्क्रीनशॉट. तिथे गप्पा, टिंगल, मतं काही नको, कारण हा ग्रुपही कधीतरी कुणाच्या तरी हाती लागतो. दर तीन महिन्यांनी ओळी वाचा. एकाच विंगमधल्या लोकांना जास्त सूचना गेल्यात का, कमिटीच्या माणसांना एकही गेली नाही का, हे लगेच दिसतं.

ॲडमिन बदलताना नव्याला आधी ॲडमिन करा, मग जुन्याने पद सोडावं. सगळे ॲडमिन एकदम बाहेर पडले तर व्हॉट्सॲप कुणालाही ॲडमिन करतं. ज्याने मुळात ग्रुप बनवला त्याला दुसरे ॲडमिन काढू शकत नाहीत, तो स्वतः बाहेर पडेपर्यंत ॲडमिन राहतो. सोसायटी सोडून गेलेल्या बिल्डरच्या माणसाने बनवलेला ग्रुप असेल तर त्याला विनंती करून बाहेर काढा. तो ऐकत नसेल तर नवा ग्रुप काढून सगळ्यांना तिकडे हलवा आणि जुना बंद करा. सुपूर्दगीच्या दिवशी निमंत्रणाची लिंकही रीसेट करा. जुनी लिंक कोणकोणत्या दलालांकडे पोचली आहे याचा कुणालाच पत्ता नसतो.